ग्रीन नदीतून कॅन्यनलँड्स : मिनरल बॉटम ते संगम, नवख्यांसाठी

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात ग्रीन आणि कोलोरॅडो या दोन नद्यांनी वालुकाश्माचं पठार चिरत नेलं आहे. 12 सप्टेंबर 1964 पासून हा प्रदेश कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. बहुतेक पाहुणे गाडीने वरच्या पठारावर जातात, कड्यावरून खाली डोकावतात आणि संध्याकाळी मोआब गावात परततात. नदीच्या पातळीवरून हाच प्रदेश पूर्ण वेगळा दिसतो, आणि तिथे पोहोचायला कसलेला नावाडी असावं लागत नाही. ग्रीन नदीवरच्या मिनरल बॉटम धक्क्यापासून दोन नद्यांच्या संगमापर्यंतचा 52 मैलांचा, म्हणजे सुमारे 84 किलोमीटरचा टप्पा संथ पाण्याचा आहे. जुलै 1869 मध्ये या नद्यांचा शोध घेणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेल यांची तुकडी इथून गेली, तेव्हा त्यांनी या घळीला स्टिलवॉटर कॅन्यन हे नाव दिलं. त्यात एकही खळाळ नाही. साध्या कॅनूतून, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होडीतून, दोन माणसं चार-पाच दिवसांत हा प्रवास आरामात करू शकतात.

पाणी संथ असलं तरी जागा अतिशय दुर्गम आहे. सुरुवातीचे काही मैल डाव्या काठाजवळून व्हाइट रिम नावाचा जीपरस्ता दिसत राहतो, पण फोर्ट बॉटम या ठिकाणानंतर थोड्याच अंतरात काठावर येणारे सगळे रस्ते संपतात. फोनला रेंज नाही, पिण्याजोगं पाणी नाही, आणि संगमावरून वर गावाकडे जाणारी वाटही नाही. आखणी घरी झाली पाहिजे, कारण नदीवर उतरल्यानंतर ती दुरुस्त करायला फारसा वाव उरत नाही.

दोन गोष्टी कळल्या की बाकीचं बरंच आपोआप सुटतं : काठाला आत्ता खडकाचा कोणता थर आहे, आणि नदीला पाणी किती आहे. होडी कुठे लागेल, तंबू कुठे बसेल, सावली कधी मिळेल, कुठून वर चढता येईल, सगळं या दोन गोष्टींवर ठरतं. म्हणून या लेखात खडकाला जास्त जागा दिली आहे.

आधी एक दिवस वरून पाहा

होडी पाण्यात घालण्याच्या आदल्या दिवशी आयलंड इन द स्काय या मेसावर जा. मेसा म्हणजे सपाट माथ्याचं, कडेने तुटलेलं पठार. मोआबहून 191 क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला जाऊन 313 क्रमांकाच्या फाट्याला वळायचं. वर पेट्रोल आणि जेवण मिळत नाही, त्यामुळे गाडीची टाकी आणि पाण्याचे कॅन मोआबमध्येच भरून घ्या.

ग्रीन रिव्हर ओव्हरलुक आणि ग्रँड व्ह्यू पॉइंट ही दोन ठिकाणं चुकवू नका. ग्रँड व्ह्यू पॉइंट 6,080 फुटांवर (सुमारे 1,853 मीटर) आहे आणि संगम साधारण 3,900 फुटांवर. मधली दोन हजार फुटांची उतरण दोन पायऱ्यांत होते. पहिली पायरी मेसाच्या कड्यापासून सुमारे 1,200 फूट खाली एका रुंद, सपाट ओट्यावर थांबते. त्या ओट्याच्या कडेला पांढुरक्या खडकाची किनार दिसते, तीच व्हाइट रिम. दुसरी पायरी तिथून नदीपर्यंत.

सह्याद्रीत भटकलेल्यांना कडा, मग उतार, मग पुन्हा कडा ही रचना ओळखीची वाटेल. सह्याद्रीतल्या पायऱ्या लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांच्या आहेत. इथल्या पायऱ्या वाळूच्या टेकड्या, नद्यांचा गाळ आणि उथळ समुद्राचा तळ यांच्या आहेत. मात्र नियम एकच : कठीण थर सरळ तुटतो आणि मऊ थर ढासळून उतार धरतो.

ओव्हरलुकवर उभं राहून नकाशा उघडा आणि टर्क्स हेड शोधा. नदीच्या मोठ्या वळणात उभा असलेला, पांढुरक्या टोपीचा हा सुळका आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायथ्याला वळसा घालायचा आहे. वरून एकदा पाहून ठेवलेलं खाली फार उपयोगी पडतं, कारण घळीत शिरल्यावर पुढच्या वळणापलीकडचं काही दिसत नाही.

थर ओळखायचे कसे

वरून खाली हा क्रम लक्षात ठेवा.

नवाहो वालुकाश्म : फिकट, गोलसर घुमट, सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्यांचा. मेसाच्या माथ्यावर काही ठिकाणी उरला आहे.

कायेंटा : पातळ, कठीण फळ्यांचा थर. मेसाचा बराचसा माथा याचाच आहे.

विंगेट : तांबूस, उभा, कित्येक शे फुटांचा सलग कडा. संपूर्ण प्रदेशाचं रूप या थरावर उभं आहे. वरची कायेंटाची टोपी त्याला पावसापासून जपते आणि खालचा मऊ चिनली थर हळूहळू निसटत जातो. आधार सुटला की विंगेट उभ्या भेगांवर तुटून मोठ्या ठोकळ्यांनी कोसळतो. म्हणून कडा कितीही मागे सरकला तरी उभाच राहतो. मोठं पठार असं कडेने कमी होत होत आधी छोटा मेसा, मग ब्यूट (मेसाहून अरुंद, सुटी टेकडी) आणि शेवटी एकांडा सुळका होतो. एकाच नजरेत या तिन्ही अवस्था दिसतात.

चिनली आणि मोएनकोपी : विंगेटच्या पायथ्याचे उतार. चिनली करडा, जांभळट, हिरवट. मोएनकोपी चॉकलेटी आणि पातळ पट्ट्यांचा. चिनलीत ओली झाली की फुगणारी चिकणमाती आहे. पावसानंतर इथले कच्चे रस्ते बंद पडतात ते तिच्यामुळे. या थरात युरेनियम सापडलं. गेल्या शतकाच्या मध्याला खोदलेले बोगदे अजून दिसतात. त्यांत शिरू नका, आतली हवा किरणोत्सर्गी वायूने दूषित असते.

व्हाइट रिम : पांढरा, कठीण, छज्जासारखा पुढे आलेला थर.

ऑर्गन रॉक : गडद लाल आणि मऊ. व्हाइट रिमच्या टोपीखाली याचे खांब उभे राहतात.

त्याखाली सीडर मेसा वालुकाश्म आणि त्याच्या जोडीचे लाल-पांढरे थर, आणि संगमाजवळ करड्या चुनखडीच्या पायऱ्या.

आता मुख्य गोष्ट. हे सगळे थर उत्तरेकडे किंचित कललेले आहेत आणि नदी दक्षिणेकडे वाहते. म्हणून प्रत्येक मैलागणिक नदी अधिक जुन्या खडकात शिरते आणि थर काठातून वर येताना दिसतात. मिनरल बॉटमला नदी चिनली-मोएनकोपीच्या मऊ उतारांत आहे, विंगेटचे कडे दूर आणि उंच. फोर्ट बॉटम ओलांडल्यावर काही मैलांत पांढरा व्हाइट रिम पाण्याच्या पातळीवर उगवतो. टर्क्स हेडपर्यंत तो डोक्यावर गेलेला असतो. पुढे घळ अरुंद होते, भिंती जवळ येतात आणि मेसा दिसेनासे होतात.

याचा व्यवहारात अर्थ असा : पहिल्या निम्म्या प्रवासात काठाला रुंद सपाट जागा आहेत. इथे त्यांना ‘बॉटम’ म्हणतात. शेवटच्या 20 मैलांत मुक्कामाच्या जागा तुटक होत जातात. नवखे लोक सुरुवातीला रमतगमत जातात आणि शेवटच्या दिवशी भिंतींमध्ये अडकतात. वेळापत्रक उलट ठेवा : पहिले दोन दिवस जास्त अंतर, नंतर कमी.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. हा उंचावरचा कोरडा प्रदेश आहे. वर्षभराचा पाऊस दहा इंचांपेक्षा कमी, आणि एकाच दिवसात तापमानात 20 अंश सेल्सियसहून जास्त फरक पडू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान 38 अंशांच्या वर जातं आणि खडक रात्री उशिरापर्यंत भाजत राहतो. त्याच दिवसांत वादळी पाऊस सुरू होतो आणि कोरडे ओढे काही मिनिटांत भरून येतात.

ग्रीन नदी वायोमिंगमधल्या विंड रिव्हर पर्वतरांगेत उगम पावते. वर फ्लेमिंग गॉर्ज धरण आहे, पण यांपासारख्या मोकळ्या उपनद्या धरणाखाली येऊन मिळतात. त्यामुळे बर्फ वितळल्यावर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत मोठं पाणी येतंच. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून ग्रीन रिव्हर गावाजवळच्या सरकारी मापकाचा आकडा रोज पाहा. तो इंटरनेटवर घनफूट प्रति सेकंद या मापात मिळतो.

तीन-चार हजारांच्या आसपास पाणी असेल तर वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे स्वच्छ, मोकळे पट्टे उघडे पडतात. मुक्कामासाठी याहून चांगली जागा नाही. दहा हजारांच्या वर बहुतेक पट्टे बुडतात. मग टॅमरिस्कच्या दाट झुडपांतून वाट काढून काठाच्या ओट्यावर तंबू लावावा लागतो. मोठ्या पाण्यात वेग चांगला मिळतो, पण होडी लावायला जागा शोधण्यात तास जातो, आणि पाणी ओसरू लागलं की डासांचे थवे उठतात. पाणी फार कमी असेल तर नदी पात्रभर पसरते, होडी वाळूत रुतते आणि काठाला चिखल लागतो. नवख्यांनी शक्यतो सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य निवडावा.

आरक्षणाचा क्रम

आधी परतीची होडी ठरवा. संगमावर रस्ता नाही आणि त्याच्या खाली कॅटरॅक्ट कॅन्यनचे मोठे खळाळ सुरू होतात. संथ पाण्यावरचे सगळे प्रवासी मोआबमधल्या व्यावसायिकांच्या जेट बोटीने कोलोरॅडो नदीतून वर पोटॅश धक्क्यापर्यंत येतात. हे अंतर जवळपास 50 मैल आहे. ही बोट ठरावीक दिवशीच निघते. तारीख नक्की झाल्यावर त्यावरून मागे मोजून सुरुवातीचा दिवस काढा.

मग परमिट. उद्यानाच्या हद्दीत नदीवर रात्रीचा मुक्काम करायला वर्षभर परमिट लागतं. ते राष्ट्रीय उद्यानांच्या आरक्षणाच्या संकेतस्थळावर मिळतं. शुल्क आणि नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरतानाच तिथलं पान नीट वाचा. मिनरल बॉटमच्या वरचा लॅबिरिंथ कॅन्यनचा टप्पाही जोडायचा असेल, तर त्याचं परमिट वेगळं आहे आणि ते दुसऱ्या सरकारी खात्याकडे असतं.

तिसरं, कॅनू आणि मिनरल बॉटमपर्यंतची गाडी. भाड्याने होडी देणारेच सहसा गाडीची, शौचपेटीची आणि परतीच्या बोटीची सोय एकत्र करतात. पहिल्या खेपेला हे सगळं एकाच ठिकाणाहून घेणं शहाणपणाचं. स्वतःची गाडी मिनरल बॉटमला सोडली तर शेवटी ती आणायला पुन्हा तिथवर जावं लागतं.

पाणी

दर माणशी दर दिवशी किमान 4 लिटर. ऊन असेल तर 6. दोघांसाठी पाच दिवसांना 5 लिटरप्रमाणे 50 लिटर आणि राखीव 10 लिटर धरा, म्हणजे 60 किलो वजन. कॅनूला हे पेलतं. एकच मोठा पिंप घेऊ नका. 10 ते 20 लिटरचे वेगवेगळे कॅन घ्या, म्हणजे एक फुटला तरी बाकीचं शाबूत राहतं. कॅन होडीच्या मध्यभागी, तळाला, दोन्ही बाजूंना सारखे ठेवा.

नदीचं पाणी इतकं गढूळ असतं की साधा गाळणीफिल्टर थेट वापरला तर थोड्याच लिटरांत तुंबतो. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवायची पद्धत आहे, तीच इथले नावाडी वापरतात. 20 लिटरच्या बादलीत सुमारे एक लहान चमचा तुरटीची पूड टाका, मिनिटभर जोरात आणि मग पाच मिनिटं हळू ढवळा, अर्धा-एक तास स्थिर राहू द्या. शक्य असेल तर रात्रभर. वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून घ्या, मग फिल्टर करा किंवा एक मिनिट खळखळून उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. ही पायरी गाळली की पोट बिघडतं. असं पाणी भांड्यांना आणि अडीअडचणीला ठेवा, पिण्याचं सगळं पाणी गावातूनच न्या.

बाकीचं सामान

दोघांसाठी 17 फुटी कॅनू पुरेशी. तीन वल्ही घ्या, कारण एक तुटणं किंवा वाहून जाणं अगदी शक्य आहे. प्रत्येकाला नीट बसणारं लाइफ जॅकेट हवं, आणि ते पाण्यावर असेपर्यंत अंगावरच. युटामध्ये 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना ते घालणं कायद्याने सक्तीचं आहे. पाणी संथ असलं तरी गढूळ आणि वसंतात बर्फाचं असतं. पडलेला माणूस थंडीने लवकर गळपटतो.

होडीच्या दोन्ही टोकांना 15-15 मीटर दोर. अंथरूण आणि कपडे ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), पिशवीचं तोंड किमान तीन घड्या घालून बंद करायचं. सगळं सामान होडीला बांधलेलं असावं. तंबूला वाळूत रुतणाऱ्या लांब, रुंद खुंट्या घ्या. नेहमीच्या पातळ खुंट्या वाऱ्यात उपटून येतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं. नक्की घ्या, आणि घरच्या एका माणसाला रोजच्या संदेशाची वेळ सांगून ठेवा.

शौचपेटी सक्तीची आहे. धुऊन पुन्हा वापरता येणारी, घट्ट बंद होणारी पेटी हवी. नावाडी तिला ‘ग्रूव्हर’ म्हणतात. मैला आणि कागद सगळा परत न्यायचा. लघवी मात्र नदीत किंवा पाण्याला लागून असलेल्या ओल्या वाळूत करायची, पेटीत नाही. कोरड्या वाळूत केली तर पाऊस नसल्याने वास महिनोन्‌महिने राहतो. आपल्याकडच्या सवयीने हे उलटं वाटतं, पण इथे नियम हाच आहे आणि त्याला कारण आहे. पेटी लवकर भरण्याचं मुख्य कारण तिच्यात लघवी जाणं, हेही ध्यानात ठेवा.

शेकोटी करायची असेल तर धातूचा पसरट तवा घ्या. राख आणि कोळसा परत न्या. लाकूड काठावर वाहून आलेलंच वापरा. उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी येते, म्हणून गॅसची शेगडी हवीच.

जेवणाचं : जे करताना पाणी ओतून द्यावं लागत नाही आणि भांडं कमी खरकटं होतं, ते न्या. पिठलं, भाजणीचं थालीपीठ, पोहे, मेतकूट-भात, दशम्या, कोरडी चटणी हे इथे फार सोयीचं पडतं. भांडी धुतलेलं पाणी बारीक गाळणीतून नदीच्या मुख्य प्रवाहात ओता आणि गाळणीतली शितं कचऱ्याच्या पिशवीत. काठावर सांडलेला भात मुंग्या, उंदीर आणि डोमकावळे बोलावतो. डोमकावळे पिशव्यांच्या चेनसुद्धा उघडतात, म्हणून अन्न झाकण बसणाऱ्या कडक डब्यात ठेवा.

मिनरल बॉटमला उतरताना

313 क्रमांकाच्या रस्त्यावरून साधारण 13 मैल कच्चा रस्ता आणि मग कड्यातून उतरणारी नागमोडी वाट. ऑगस्ट 2010 च्या पावसात ही वाट वाहून गेली होती, पुढच्या वर्षी ती पुन्हा बांधली. कोरडी असताना सावकाश जाता येतं. पाऊस पडत असेल किंवा नुकताच पडला असेल तर जाऊ नका. रस्ता सुकायला लागतील तेवढे तास मोआबमध्येच थांबा.

धक्का डाव्या काठाला आहे. जड सामान मध्ये, हलकं टोकांना. मागचं टोक पुढच्यापेक्षा किंचित खोल बसेल असं वजन लावा. पुढचं टोक जड झालं तर होडी सरळ जात नाही.

वल्हवणं आणि वारा

पुढचा माणूस ताल धरतो, मागचा दिशा देतो. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं. मागच्याने प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी पातं बाहेरच्या बाजूला वळवून किंचित रेटायचं, हाताचा अंगठा खाली जातो. हे जमलं की दर मिनिटाला बाजू बदलावी लागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात होडी वेडीवाकडी जाईल, ते स्वाभाविक आहे.

नुसतं वाहत गेलं तर ताशी दोन-तीन मैल, वल्हवलं तर तीन-चार. प्रवाहाचा जोर वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि खोलीही तिथेच. आतल्या बाजूला वाळू साचते. पाणी कमी असताना कोपरा कापायचा मोह झाला तरी बाहेरूनच जा. रुतलात तर होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून प्रवाह येतो त्या बाजूला उतरा. खालच्या बाजूला उतरलं आणि होडी सुटली तर ती अंगावर येते.

खरा त्रास वाऱ्याचा. वसंतात दुपारनंतर नैर्ऋत्येकडून, म्हणजे बहुतेक वेळा अगदी समोरून वारा येतो आणि घळीत तो आणखी चेपला जातो. जोर वाढला की वल्हवूनही होडी जागची हलत नाही. उपाय एकच : पहाटे उजाडताच निघा आणि दुपारी एकपर्यंत दिवसाचं अंतर संपवा. आडव्या वाऱ्यात होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, गुडघ्यांवर बसा, काठ धरून चला. लाटा आत येऊ लागल्या तर थांबा.

मैलांप्रमाणे नदी

नकाशावरचे मैल संगमापासून वर मोजलेले असतात. मिनरल बॉटम 52, संगम शून्य. जसजसे पुढे जाल तसा आकडा उतरतो.

मैल 40, फोर्ट बॉटम, डावा काठ. टेकाडावर प्युब्लो या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेला दगडी बुरूज आहे आणि खाली एक जुनी ओंडक्यांची झोपडी. चढ छोटा आहे. भिंतींना हात लावायचा नाही, टेकायचं नाही, खापराचा तुकडाही उचलायचा नाही. 1979 च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

मैल 31, अँडरसन बॉटम, उजवा काठ. नदीने इथे आपलं जुनं वळण सोडून सरळ वाट काढली. मधे राहिलेली टेकडी आणि तिच्याभोवतीचं कोरडं पात्र चालत पाहता येतं. या प्रवासात जमिनीचा इतिहास इतका उघडा कुठेच दिसत नाही, अर्धा दिवस द्यावा असं ठिकाण आहे. नदी इतकी वळणं का घेते, याचंही उत्तर इथेच समजतं. ही वळणं सपाट प्रदेशातल्या संथ नदीची आहेत. पठार उचललं गेलं, तसं नदीने आहे त्याच वळणांत खाली खोदत नेलं.

मैल 21 च्या आसपास टर्क्स हेड. नदी त्याच्या तीन बाजूंनी फिरते. सकाळी लवकर पोहोचलात तर सावली मिळते.

तिथून पुढे भिंती. सपाट जागा दिसली की नकाशात पुढची जागा किती मैलांवर आहे ते पाहा आणि मगच सोडा.

मुक्काम निवडताना

सर्वात उत्तम जागा म्हणजे नदीतला किंवा काठचा उघडा वाळूपट्टा. पुढच्या पाण्याने तुमच्या खुणा पुसल्या जातात. ओढ्याच्या तोंडाशी कधीही तंबू लावू नका, आकाश निरभ्र असलं तरी. 30 किलोमीटर दूर पठारावर पडलेला पाऊस रात्री त्या ओढ्यातून चिखल आणि ओंडके घेऊन येऊ शकतो.

तंबू पाण्यापासून उंचावर, निदान अर्धा-पाऊण मीटर वर. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. सकाळी ती पाण्यात किती आत आहे यावरून नदी चढते की उतरते ते कळतं. होडी पूर्ण बाहेर ओढा, पालथी घाला आणि दोन दोरांनी झुडपाला बांधा. झाड नसेल तर वाळू भरलेली पिशवी खोल पुरून तिला दोर बांधा. रिकामी कॅनू वाऱ्याने उचलली जाते, आणि होडी गेली तर इथून चालत बाहेर पडण्याचा सोपा मार्ग नाही.

काठ सोडून आत फिरायला जाताना ओढ्याच्या वाळूतून किंवा उघड्या खडकावरून चाला. काळपट, खडबडीत, फुगीर दिसणारी माती सजीव आहे. सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण बांधून ठेवलेले असतात. एका पावलाने मोडलेला हा थर भरून यायला अनेक दशकं लागतात, आणि तो गेला की वाऱ्याने मातीच उडून जाते. खडकावरच्या रांजणखळग्यांतलं पाणी पिऊ नका, त्यात हातपाय धुऊ नका. बारीक जलचर त्या पाण्यावर आयुष्य काढतात, आणि अंगावरच्या सनस्क्रीननेही ते मरतात. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात. कपारीत हात घालण्याआधी आत पाहा, रॅटलस्नेक आहेत.

चिखलाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवख्यांची फजिती इथेच होते. पाणी उतरत असताना काठाचा गाळ वरून कोरडा, भेगाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. उतरण्याआधी वल्ह्याने दाबून पाहा. पायात घट्ट पट्ट्यांचे सँडल किंवा जुने बूट हवेत, रबरी चप्पल चिखलात राहते. रुतलात तर ओढाताण करू नका. होडीवर किंवा वल्ह्यावर पोटाने भार टाका आणि एकेक पाय हळू फिरवत सोडवा.

संगम आणि पुढे

शेवटचा मुक्काम संगमाच्या वर चार-सहा मैलांच्या आत करा. जेट बोट ठरलेल्या वेळी येते आणि थांबत नाही. काठावरच्या चुनखडीच्या पायऱ्यांकडे पाहत चला. इथे थर नदीपाशी वर उचललेले आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना खाली कललेले दिसतील. खाली खोलवर मिठाचे थर आहेत. नदीने वरचं ओझं काढून टाकल्यावर मीठ हळूहळू फुगून वर आलं आणि त्याने खडक वाकवले.

संगमावर कोलोरॅडो डावीकडून येते. दोन्ही पाण्यांचे रंग बऱ्याचदा वेगळे असतात आणि काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. दोन प्रवाह भेटतात तिथे लहान भोवरे उठतात. होडी आडवी होऊ देऊ नका, सरळ वल्हवत पार करा.

बोट स्पॅनिश बॉटमवरून घेणार असेल तर आणखी साधारण साडेतीन मैल जायचं आहे. संगमापासूनच उजवा काठ धरा. स्पॅनिश बॉटम उजवीकडे आहे आणि त्याच्या लगेच खाली कॅटरॅक्ट कॅन्यनचा पहिला खळाळ. त्या भागाचं परमिट वेगळं आहे, आणि भरलेल्या कॅनूला तिथे निभाव नाही. धोक्याची पाटी दिसण्याची वाट न पाहता होडी काठाला लावा. वेळ असेल तर स्पॅनिश बॉटमवरून डॉल हाउसच्या सुळक्यांकडे चढणारी पायवाट आहे. अंतर दीड मैलाच्या आसपास, पण चढ हजार फुटांहून जास्त आहे. पहाटे निघालात तरच जा, आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

बोट येण्याच्या तासभर आधी सगळं सामान उतरवून, होडीतली वाळू धुऊन, कॅन रिकामे करून काठावर एका रांगेत लावा. एक लिटर पाणी, टोपी आणि वाऱ्याचं जॅकेट हाताशी ठेवा, उघड्या बोटीत वेगाने जाताना गारठायला होतं. पोटॅशला उतरल्यावर शौचपेटी भाड्याने देणाऱ्यांकडेच सोपवा. स्वतःची असेल तर मोआबमध्ये अशा पेट्या रिकाम्या करण्याची सोय असलेल्या जागीच धुवा, सार्वजनिक शौचालयात किंवा कचऱ्याच्या डब्यात नाही.